वरचा थर

गुरुवारी रात्री जेवणं झाली की
दिग्या मोबाईल तांब्याला टेकवून ठेवतो
आणि आम्ही उद्याचे सिनेमे
न बघताच निकालात काढतो.

हा नको, सगळा खर्च हिरोच्या दाढीवर झालाय.
ही मागच्या दिवाळीत त्याची बहीण होती,
आता आई झालीये.
यात विनोद तीन, तिन्ही दाखवून टाकले.
नावं वाच, नावं वाच.
आठ नावं, मग ‘आणि’, मग एक म्हातारा नट.
‘आणि’ मिळायला चाळीस वर्षं लागतात म्हणे.

आबा कोपऱ्यात गुडघ्याला तेल चोळत असतात.
कोपरखैरण्याची माथाडी वसाहत,
कोपरा कसला, खोलीच तेवढी.
ते एवढंच म्हणतात,
वरचा थर बघून गोण घेऊ नये.
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला काढलेली.
व्यापारी गोणीचं तोंड सोडून दाखवतो
तेव्हा वर कुठला कांदा येतो
ते त्यांच्या खांद्याला पाठ आहे.

गेल्या माघात मार्केटात शूटिंग आलं.
नट पोतं उचलणार,
मागे चार खरे हमाल पाहिजेत.
आबांच्या पाठीवर दिलं ते थर्माकोलचं.
अंगाने पन्नास किलोची तयारी केलेली,
तोल जाऊन पडता पडता राहिले.
काका, जड वाटू द्या, तो पोरगा म्हणाला.
आठ वेळा चुकले.
“जड असेल ते हलकं करून न्यायचं, एवढंच येतं,”
घरी आल्यावर सांगत होते,
“हलकं जड करून न्यायला शाळा लागत असेल.”
शेवटी त्यांनीच लासलगावच्या खऱ्या गोणीकडे बोट दाखवलं.
एका फटक्यात झालं.
पाकीट मिळालं, वडापाव दोन,
एक खाल्ला, एक आईला आणला.

ट्रेलर आला आणि दिग्या ओरडला.
एक मिनिट अकराव्या सेकंदाला
नटाच्या डाव्या कानामागे
गोणीखाली वाकलेली एक मान,
कमरेला हूक.
थांबव. मागे घे. परत लाव.
थांबवलं की धूसर होतात,
चालू ठेवलं की निघून जातात.
कळंबेकाकू आल्या, पार्ट्यांची सून आली,
सगळा मजला आमच्या तांब्यासमोर.
दिसले? कुठे? गेले.
आई म्हणाली, नेमका तोच शर्ट घातला होता होय.
कलाकारांची नावं मी दोनदा वाचली.
अकरा नावं, आणि ‘आणि’.
मग तिसऱ्यांदा वाचली.

वाशीच्या मॉलमध्ये पाच तिकिटं, कळंबेकाकू धरून.
आबांनी चप्पल घालायची की बूट
यावर सकाळपासून चर्चा.
दोन तास एकोणीस मिनिटं.
मध्यंतरानंतर मार्केट आलं.
नट आला. त्याचा डावा कान आला.
कानामागे पत्र्याचं शेड,
शेडवर कावळा.
काकू माझ्या कानात म्हणाल्या, अजून येतील बहुतेक.

बाहेर सरकत्या जिन्यावर कोणी बोलेना.
दिग्या खालच्या पायरीकडे बघत म्हणाला, कापलं वाटतं.
आई पॉपकॉर्नचा रिकामा डबा
पिशवीत घालत होती, शेंगदाण्याला होईल.
आबा जिन्याची पट्टी दोन्ही हातांनी धरून उभे,
त्यांना हसू आवरेना.
“सिनेमा चांगला होता रे,” म्हणाले,
“म्हणजे मलाच वर लावलं होतं.”

पुढच्या गुरुवारी पुन्हा तांब्या, पुन्हा दाढ्या.
आम्ही झोपलो असं समजून
आई मोबाईल घेते.
तिला मागेपुढे करता येत नाही,
दरवेळी पहिल्यापासून बघते.
गाडी उडते, कोणीतरी तलवार उपसतं,
ती दोघं जवळ येतात तेव्हा
आई मोरीकडे बघते.
मग नट. मग कान.
मग ती पदराने काच पुसते
आणि पुसेपर्यंत
पुढचं दृश्य आलेलं असतं.